ओकेलोच्या नावानं

(दांडी, तारापूरच्या किनाऱ्यावरचं गाव. पुंडलिकच्या घराची ओटी, सकाळ. पुंडलिक, त्याची बायको हंसा आणि बोईसरच्या एका कारखान्यात ऑफिसकाम करणारी त्यांची मुलगी उन्नती.)

उन्नती : पैसे आज पाठवू नका, एवढंच म्हणते मी. आधी मी काय दाखवते ते बघा, मग ठरवा.

पुंडलिक : कालपासून हेच चाललंय तुझं. आज शेवटची तारीख हाय. पैसे गेले नाय तर मी नावं दिलेल्या चारी पोरांचे व्हिसे रद्द. ओकेलोनं साफ लिहिलंय.

हंसा : ओकेलो, ओकेलो. या घरात आता मासळीचं नाव कमी आन् ओकेलोचं जास्ती.

उन्नती : त्या ओकेलोबद्दलच विचारायचंय मला. बाबा, पहिली मेल कोणाची आली?

पुंडलिक : हापिसाची. तिकडं दक्षिण सुदानात, जुब्याला मी ज्या मदतसंस्थेच्या वर्कशॉपात होतो, तिचीच. नव्या गाड्या येतात, डायवर आन् मेकॅनिक पायजेत, जुन्या लोकांनी आपल्या वळखीची चांगली मान्सं सुचवावी, असं लिहिलं होतं.

उन्नती : त्या मेलमध्ये ओकेलोचं नाव होतं?

पुंडलिक : असंल.

उन्नती : नव्हतं. ही बघा. खाली नुसतं 'व्यवस्थापक' लिहिलंय. मग तुम्ही उत्तर पाठवलंत. वाचू का?

पुंडलिक : वाच की. त्यात काय चोरी हाय.

उन्नती : 'साहेब, मी पुंडलिक, तुमच्या गाड्या पाच वर्षं दुरुस्त केल्या. आमचा वर्कशॉपचा मुख्य ओकेलो अजून तिथेच आहे का? मला तो भावासारखा.' आणि दुसऱ्याच दिवशी ही आली. 'प्रिय भाऊ पुंडलिक, मीच ओकेलो. देवाच्या कृपेनं आता मी मोठा अधिकारी झालो आहे.'

हंसा : म्हंजे नाव तुमीच दिलं त्याला?

पुंडलिक : नाव कोन पन घेईल. मंग मलेरियाचं त्याला कसं म्हाईत? नदीला पूर, रस्ता वाहून गेलेला, ताप माझ्या डोस्क्यात चढलेला. त्यानं ती सफेद गाडी पान्यात घातली. पानी बोनेटवरून जात होतं. बाकीच्या डायवरांनी चाव्या खिशात टाकल्या होत्या, आन् हा मला मागच्या सीटला बांधून दवाखान्यात घेऊन गेला. ते दोघांनाच म्हाईत, मला आन् त्याला.

हंसा : आन् अख्ख्या दांडीला. दर गनपतीत सांगता तुमी.

उन्नती : तेही तुम्हीच लिहिलंय, बाबा. ही तुमची तिसरी मेल. 'तू मला पुरातून नेलंस ते मी विसरलो नाही.' आणि हे त्याचं. 'ज्यानं तुला पुरातून काढलं त्याच्यावर तू शंका घेतोस?' तुम्ही दिलं तेच तो परत देतोय. तुम्ही आधी लिहिलं नाही असं एक वाक्यसुद्धा त्याच्याकडे नाही. मी सगळ्या वाचल्या.

पुंडलिक : बापाच्या मेली वाचायला कोनी सांगितलं तुला?

उन्नती : तुम्हीच फोन माझ्या हातात दिलात, पैसे पाठवायला. तुम्हाला ते ॲप जमत नव्हतं म्हणून. त्यातच मला कळलं, की आफ्रिकेतल्या ऑफिसचे पैसे आपल्याच देशात, उत्तरेकडच्या कुठल्याशा गावातल्या मोबाईलच्या दुकानदाराच्या खात्यात चाललेत.

पुंडलिक : त्यो त्यांचा इथला एजंट.

उन्नती : मागच्या वेळी दुसराच एजंट होता. त्याच्या आधी तिसरा.

हंसा : हे मला कदी सांगितलं नाय तुमी.

पुंडलिक : त्यानं धाडलेला फोटो बघ म्हनाव हिला. हंसा, तूच सांग, फोटो बघून मी काय बोललो होतो? सगळ्या गाड्या रांगेत उभ्या. छपरापर्यंत चढलेला हवेचा पाइप, पुढं लांब काठी वायरलेसची. आठ नंबरच्या गाडीचा बंपर मोडला होता, तो मी जोडलाय. माझ्या हातचा जोड हाय तो. मी झोपेत पन वळखीन.

उन्नती : फोटो खराच आहे. संस्थेनं तो आपल्या पानावर टाकलाय, कोणीही उतरवून घेऊ शकतं. गाडी खरी, जोड तुमचा. पाठवणारा तेवढा खोटा.

पुंडलिक : मी पोरांना सांगितलं, गाड्या खऱ्या हायत. छातीवर हात ठेवून सांगितलं.

उन्नती : म्हणूनच तर त्यांनी पैसे दिले. त्यांनी त्या ऑफिसवर नाही विश्वास ठेवला, तुमच्यावर ठेवला.

हंसा : माझ्या बहिनीचा केतन, ते बंदरावरचे दोघं भाव अक्षय आन् हितेश, आन् तो उमरोळीकडचा सुका. चारी घरं आपल्या दारात येतील आता. मी तेव्हा बोलले होते, चांगलं काम असतं तर त्यांना तिथंच मान्सं भेटली नसती काय? पन चार पोरं संध्याकाळची या ओटीवर येऊन बसायची, काका आफ्रिकेचं सांगा बोलायची, तेव्हा तुमचा चेहरा बघण्यासारखा असायचा. मी गप बसले.

पुंडलिक : अजून काय ठरलं नाय. तू आत्ताच रडू नको.

हंसा : मी कुठं रडते? मी बोलते.

उन्नती : आणखी एक. परवा मी त्या संस्थेच्या मुख्य ऑफिसला लिहिलं होतं, त्यांच्या खऱ्या पत्त्यावर. आज उत्तर आलं. अशी भरती चालू नाही, आणि नोकरी देताना आम्ही कोणाकडूनही कसलीच फी घेत नाही. आमच्या नावानं फसवणूक चालते, सावध राहा.

पुंडलिक : ते शहरातलं हापिस. गाड्या कुठं चिखलात हायत ते त्यांना कधी म्हाईत नसायचं. आमी तिकडं डिझेलवाचून बसायचो आन् हे लिहायचे, सगळं सुरळीत हाय.

उन्नती : बाबा.

पुंडलिक : थांब. मला त्याला एक इचारू दे. आता तो ऑनलाइन हाय ना?

उन्नती : हो. सकाळपासून तीन वेळा 'पैसे निघाले का' विचारलंय त्यानं.

पुंडलिक : लिही. 'भावा, मी परत आलो तेव्हा तू विमानतळावर निरोप द्यायला आला होतास. ते अजून आठवतं का तुला?' एवढंच लिही.

हंसा : ह्यानं काय होनार?

पुंडलिक : लिही तू.

उन्नती : लिहिलं. गेलं.

हंसा : कोरा चा हाय, घ्या तवर. आज सकाळपासून तुमच्या पोटात काय नाय.

पुंडलिक : नको.

उन्नती : आलं उत्तर.

पुंडलिक : वाच. सावकाश वाच.

उन्नती : 'तो दिवस मी कसा विसरेन, माझ्या भावा? तू विमानात चढलास तेव्हा मी लहान मुलासारखा रडलो. आता ही शेवटची फी पाठव, म्हणजे त्याच विमानतळावर तुझ्या मुलांना घ्यायला मी स्वतः येईन.'

हंसा : काय झालं? अवो, काय झालं?

पुंडलिक : तो आला नव्हता.

हंसा : कोन?

पुंडलिक : ओकेलो. तो त्या दिवशी गाड्या घेऊन उत्तरेला गेला होता. त्याची बायको आली होती, भाजलेल्या शेंगदान्याची पिशवी घेऊन. त्याला यायला जमलं नाय म्हनून तिनंच दहा येळा माफी मागितली.

उन्नती : बाबा, पाणी घ्या.

पुंडलिक : मी ह्याला माझ्या आईच्या मरनाचं लिहिलं. माझ्या गुडघ्याचं लिहिलं. जे हंसाला सांगितलं नाय ते पन लिहिलं. कोन हाय गं हा?

उन्नती : माहीत नाही. कदाचित एकटाही नसेल.

हंसा : आता आधी एक ठरवा. पोरांचे पैसे कोनाच्या खात्यातनं गेले?

उन्नती : बाबांच्या. त्यांनी बाबांना दिले, बाबांनी पुढे पाठवले.

हंसा : मंग पोलीस ह्यांनाच एजंट बोलतील.

उन्नती : बोलू शकतात. पण आजच तक्रार केली तर पुढची खाती तरी गोठवता येतील. जितका उशीर होईल तितके पैसे लांब जातील.

हंसा : आपून होऊन गळ्यात फास घालायचा? ह्यांचे पन पैसे गेलेत. ह्यांना पन फसवलंय. चार दिवस गप राहा. पोरांना सांगा, तारीख पुढं गेली.

पुंडलिक : आन् मंग?

हंसा : मंग काय ते बघू.

पुंडलिक : केतन, अक्षय, हितेश बोटीवर परत जातील, हंसा. त्यांचं बंदर कुठं जात नाय. सुकानं टँकरवरची डायवरकी सोडलीय.

हंसा : त्याचाच आवाज वाटतो. दारात कोनतरी हाय. आलाच तो.

पुंडलिक : उन्नती, तू आत जा.

उन्नती : मी सांगते त्याला, कागद दाखवून.

पुंडलिक : नाय. आत जा तू. हे मलाच सांगायचं हाय.

०

सुका : काका, उशीर झाला. उमरोळीला गाडीच नव्हती. काकी, बरी हायेस?

हंसा : ये सुका. बस.

सुका : बसत नाय. पैसे आनलेत, हे घे. जमुनाचं मंगळसूत्र ठेवलं. ती बोलली, तू तिकडनं आल्यावर सोडवू.

पुंडलिक : ठेव ते खिशात.

सुका : मोजून घे ना.

पुंडलिक : खिशात ठेव, सुका. आधी बस. ते बूट नवे का?

सुका : जमुनानं घेतले, पालघरच्या बाजारात. तू बोलला होतास, तिकडं चप्पल चालत नाय, चिखलात गाडी ढकलायला लागते. जरा चावतात. होतील सैल.

पुंडलिक : सुका, ती नोकरी नाय.

सुका : म्हंजे? तारीख पुढं गेली?

पुंडलिक : तारीख पन नाय, नोकरी पन नाय. कोनीतरी आपल्याला फसवलं. माझ्या जुन्या दोस्ताचं नाव घेऊन मला लिहीत होता. तो माझा दोस्त नव्हता. पैसे गेले.

सुका : कोनाचे?

पुंडलिक : सगळ्यांचे. तुझे, माझे, केतनचे, त्या दोघा भावांचे.

सुका : असं कसं होईल? कागद आलाय ना. माझा फोटो लावलेला कागद. त्यावर शिक्का हाय.

पुंडलिक : शिक्का पन खोटा.

सुका : काका, एक इचारू? रागावू नको.

पुंडलिक : इचार.

सुका : माझं नाव कापलं का?

पुंडलिक : काय?

सुका : जागा कमी झाल्या असतील. केतन तुझ्या घरचा, ते दोघं तुझ्या बंदरावरचे. मी पाड्यावरचा. एक नाव कापायचं तर माझंच कापनार. तसं असंल तर तसं सांग. मला समजतं. टँकरवर पन असंच होतं, दिवाळीला गाड्या कमी निघाल्या का पयले मला घरी बसवतात. पन हे खोटं नको सांगू.

पुंडलिक : कोनाचंच नाव ऱ्हायलं नाय, सुका. कापायला तिथं नावच नाय.

सुका : तूच बोलला होतास, चौघांत माझा हात सगळ्यात चांगला. चिखलातनं ट्रॅक्टर काढनारा मान्स ती गाडी पन काढतो, असं बोलला होतास.

पुंडलिक : ते खरं होतं. ते आज पन खरं हाय.

सुका : मंग दुसरा कोन जास्ती पैसे घेऊन आला काय?

पुंडलिक : माझ्याकडं बघ. मी तसा मान्स हाय का?

सुका : मी काय सांगू? मी तुला वळखतो, पन पैसे मान्साला काय करतात ते पन मी बघितलंय.

हंसा : सुका, इकडं माझ्याकडं बघ. केतन माझ्या सख्ख्या बहिनीचा पोर. त्याच्या आईनं बोटीतला हिस्सा गहान टाकलाय. उद्या तो आफ्रिकेला जानार असता, तर मी आज इथं अशी बसले असते काय? माझ्या चुलीवर सकाळपासून भांडं चढलं नाय. हे बघ, माशाची पाटी तशीच पडलीय, बाजार गेला माझा. तुझ्या काकाला नाटकं जमत नाय. जमली असती तर ह्यांना कोनी फसवलं असतं काय?

सुका : केतनला सांगितलं?

पुंडलिक : अजून नाय. तू पयला.

सुका : मी कशाला पयला?

पुंडलिक : तूच आला म्हनून. आन् तुझं जास्ती गेलं म्हनून.

सुका : टँकरच्या मालकाला मी मोठ्या तोंडानं सांगून आलो. शेट, दुसरा डायवर बघ, मी फॉरेनला चाललो. त्यानं त्याच दिवशी दुसरा ठेवला.

पुंडलिक : म्हाईत हाय मला.

सुका : पाड्यात काल कोंबडे कापले. सगळे येऊन गेले. म्हातारी मान्सं पन. एक म्हातारा बोलला, आपल्यातला पयला मान्स इमानात बसनार. मी कुठल्या तोंडानं परत जाऊ?

पुंडलिक : मी येतो तुझ्याबरोबर. तुझ्या घरी मी सांगतो. पन त्याच्या आधी पालघरला जायचं, पोलिसांत. आत्ताच.

सुका : पोलिसात नको.

पुंडलिक : का?

सुका : तिथं आमच्यासारख्याला आधी इचारतात, तू काय केलंस. काय गेलं ते मागनं इचारतात.

पुंडलिक : तू फक्त माझ्या बाजूला बस. बोलतो मी. मी लिहून देतो, पैसे माझ्या हातानं गेले, शब्द मी दिला होता. पोरांनी पैसे दिले ते माझ्याकडं बघून.

हंसा : असं लिहून देनार तुमी?

पुंडलिक : खरं तेच हाय ना.

हंसा : खरं काय, आन् लिहून काय द्यायचं, ते येगळं असतं. माझी बहीन आधीच मला बोलेल. त्यात तुमाला आत ठेवलं तर मी काय करू? उन्नतीचं बघायचं हाय अजून. कोन येईल या घरात?

पुंडलिक : तिलाच इचार. तिनंच आज मला जागं केलं.

हंसा : ती काय बोलनार ते मला म्हाईत हाय. ती तुमच्यावरच गेलीय.

सुका : काका, मी येतो. पन एक कर. मंगळसूत्राचे पैसे इथं काकीकडं ठेव. पोलिसात नेले तर ते पन जातील असं वाटतं मला.

हंसा : दे इकडं. फडक्यात बांधून ठेवते. परत आलास का तुझ्या हातात देईन, तूच सोडव जमुनाचं. आन् अवो, आधार कार्ड घ्या. बँकेचं पुस्तक घ्या. उन्नतीला पन न्या संगट, तुमाला त्या मेली दाखवता येनार नाय.

०

पुंडलिक : गाडी हळू घे. बर्फाचं पानी सांडतंय मागनं.

सुका : सांडूदे. बर्फाच्या टेम्पोतनं पानी सांडतंच. बोईसरच्या बाजारापर्यंत अर्धा बर्फ उरला तरी हंसाकाकी खूश.

पुंडलिक : तिचं आन् टेम्पोवाल्याचं काय बोलनं झालं, मला अजून सांगितलं नाय तिनं.

सुका : मला टेम्पोवाल्यानं सांगितलं. काकी त्याला बोलली, दांडीच्या बाया तुझ्याकडनं बर्फ घेतात तो आजपासून बंद, नायतर ह्या पोराला गाडीवर घे. मासेमारीवरची बंदी उठून बोटी नुकत्या लागल्या होत्या. त्याला दुसरा मार्ग नव्हता.

पुंडलिक : मला बोलली, त्यालाच डायवर पायजे होता.

सुका : तुला कशाला सांगेल? आज पालघरला पोलीस काय बोलले? मी बाहेर गाडीजवळ होतो.

पुंडलिक : तो दुकानदार सापडला. पोरगा हाय, तुझ्यापेक्षा ल्हान. बोलतो, मी खातं भाड्यानं दिलं होतं, पैसे कोनाचे ते मला म्हाईत नाय. त्याच्या पुढची मान्सं कोनालाच म्हाईत नाय. एका खात्यात थोडे अडकलेत, ते कोर्टातनं सुटतील. केव्हा, ते कोन सांगत नाय.

सुका : आज पन तुला कमिशनचं इचारलं?

पुंडलिक : आज नाय इचारलं. पयल्या दोन येळेला इचारलं. साहेब बोलला, इतकी मान्सं गोळा केलीस, तुला काय सुटलं? मी बोललो, साहेब, माझे पन गेले. तो बोलला, असं सगळेच एजंट सांगतात. उन्नतीनं तेव्हा सगळ्या मेली छापून त्याच्या टेबलावर ठेवल्या. त्यानं अर्ध्या वाचल्या आन् माझ्याकडं बघितलं. एजंट बोलला होता तेव्हा लागलं नाय तेवढं ते बघनं लागलं.

सुका : कसं बघितलं?

पुंडलिक : कीव करून.

सुका : केतन बोलतो का आता?

पुंडलिक : नाय. बंदरावर समोरनं आला तर जाळं बघत उभा ऱ्हातो. त्याची आई हंसाशी बोलत नाय. मी त्यांच्या बोटीचं इंजिन खोलून दिलं परवा, पैसे घेतले नाय. त्याच्या आईनं पैसे पायरीवर आनून ठेवले आन् गेली.

सुका : घेतलेस?

पुंडलिक : हंसानं घेतले. बोलली, नाय घेतले तर ती आजून चिडंल.

सुका : बरोबर बोलली. मी पन तुझ्यावर चिडलो होतो. तुला म्हाईत नसंल. त्या दिवशी तू पाड्यावर येऊन सगळ्यांसमोर बोललास ना, सुकाची चुकी नाय, माझी हाय, तेव्हा मला आजून राग आला. वाटलं, हा बोलून मोकळा झाला, आता जाईल आपल्या घरी. मी इथंच ऱ्हानार.

पुंडलिक : ते मला समजलं होतं.

सुका : पोरं मला पाड्यात आफ्रिका बोलतात. ए आफ्रिका, टेम्पो आनला का.

पुंडलिक : राग येतो?

सुका : आधी यायचा. आता हाक मारली का वळून बघतो.

पुंडलिक : जमुना काय बोलते?

सुका : ती पयल्या दिवशी बोलली, तू गेला नाय ते बरं झालं. मंगळसूत्र सोडवून आनलं तेव्हा घातलं आन् भात लावायला गेली. मी इचारलं नाय बरं का झालं ते. तिला भीती होती असंल. मला पन होती. सांगितली नव्हती कोनाला.

पुंडलिक : कसली?

सुका : इमानाची. आन् तिकडं कोनी आपली भाषा बोलनारा नसला तर, त्याची. तुला कसं गेलं पयलं वरीस?

पुंडलिक : वाईट गेलं. मी पाना मागायचो आन् ते जॅक द्यायचे. ओकेलो एक एक अवजार उचलून दाखवायचा, आन् दोन्ही भाषांत नाव बोलायला लावायचा.

सुका : त्याचा काय पत्ता लागला? खऱ्याचा?

पुंडलिक : उन्नतीनं परत लिहिलं होतं त्या हापिसाला. ते बोलले, तो रिटायर झाला, गावी गेला. पत्ता देता येत नाय, पन निरोप पोचवू. तीन आठवडे झाले. आन् परवा एक मेल आली, त्याच्याच नावानं.

सुका : काय लिहिलंय?

पुंडलिक : उघडली नाय मी.

सुका : का? खरी असंल.

पुंडलिक : असंल. पन हात पुढं जात नाय. त्यानं लिहिलं असंल, भाऊ पुंडलिक. तसंच त्या खोट्यानं पन लिहिलं होतं. मी कसं वाचू ते? वाचताना मला दुसऱ्याचाच आवाज येईल.

सुका : पैसे मागितले का बघ. मागितले नसतील तर खरी.

पुंडलिक : एवढं सोपं असतं तर बरं झालं असतं, सुका. पयल्या चार मेलीत त्यानं पन मागितले नव्हते.

सुका : मंग राहूदे. मन होईल तेव्हा वाच. खरा असंल तर तो थांबेल.

पुंडलिक : थांबेल.

सुका : उमरोळीला मी दोन मिंटं थांबतो. जमुनानं वाल दिलेत काकीसाठी. घरातनं घेऊन येतो.

पुंडलिक : घे सावकाश. मी बसतो इथं.

सुका : काका, एक इचारू?

पुंडलिक : त्या दिवशी पन असंच बोलला होतास. इचार.

सुका : खरी जागा निघते का रे कदी? ती गाडी चालवायची?

पुंडलिक : निघते. मी गेलो होतोच ना.

सुका : निघाली तर मला सांगशील?

पुंडलिक : तुला अजून जायचंय?

सुका : जायचं का नाय ते नंतर बघू. तू सांग फक्त. पन पयले उन्नतीला दाखव, मंग मला सांग.